हात माझा, डोळा तुमचा

फोन आला तेव्हा कमलाकर सोनटक्के कुंपणापाशी उभा राहून शेजाऱ्याशी भांडत होता. भांडण झाडांवरून. शेजाऱ्याने लावलेली सुरूसारखी झाडं दहा वर्षांत दुमजली झाली होती आणि कमलाकरचं म्हणणं असं, की त्यांनी त्याच्या स्वयंपाकघरातला दुपारी तीनचा उजेड खाल्ला. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये लोक पार्किंगवरून भांडतात, कचऱ्याच्या डब्यांवरून भांडतात. उजेडावरून भांडणारा हा एकटाच. वय सदुसष्ट, एका गुडघ्यात स्टीलचा सांधा, पण आवाज असा की रस्त्यावरची मांजरं आधीच वाट बदलायची.

फोनवर फिओना नावाची बाई होती. जुने सिनेमे जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती कामाला. १९८७ साली इथेच स्लाऊमध्ये काढलेला 'फेब्रुवारी लाँड्री' हा सिनेमा ते लोक मूळ निगेटिव्हवरून नव्याने उभा करत होते. आता रंग जुळवायचं काम चालू होतं आणि त्याला मूळ कॅमेरामन शेजारी बसलेला बरा असतो. पण कॅमेरामन डेरेक पामर आता शहाऐंशी वर्षांचे, त्यांना मेडनहेडहून लंडनपर्यंत येणं झेपत नाही. दिग्दर्शिका रेखा विर्दी जाऊन नऊ वर्षं झाली.

"म्हणून आम्ही नामावली पाहिली," फिओना गोड आवाजात म्हणाली. "त्यात तुम्ही आहात. कॅमेरा असिस्टंट, कमल सोनटक्के. तुम्हाला त्या दिवसांतलं काही आठवतं का?"

कमलाकरने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यातून झुरळ निघालंय.

"आठवतं," तो म्हणाला. "थोडंफार."

त्या सिनेमाची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक फ्रेम त्याने घेतली होती. डेरेक पामरने कॅमेऱ्याला हात लावला तो फक्त एकदा, व्हॅनमधून उतरवताना.

आता हे कसं झालं, ते सांगायला मागे जावं लागेल.

कमलाकर मूळचा मिरजेचा. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. लग्नाच्या मुलींचे फोटो ही खरी कमाई. मुलगी सावळी असली की तिच्या आईचं तोंड उतरायचं, आणि मग वडील म्हणायचे, "बाई, काळजी करू नका, दिवा आपला आहे." थोडी पावडर, दोन दिवे जास्त, आणि डार्करूममध्ये थोडी हातचलाखी, की मुलगी फोटोत दुधासारखी. कमलाकर चौदाव्या वर्षी हे सगळं शिकला आणि सोळाव्या वर्षी त्याला ह्याची शिसारी आली. वडिलांना म्हणाला, "तुम्ही फोटो नाही काढत, रंगसफेदी करता." कानाखाली बसली. ती त्याने जन्मभर आठवणीत ठेवली, आणि तो म्हणायचा की सिनेमॅटोग्राफीचा पहिला धडा तोच.

लग्नाने तो इंग्लंडात आला. अरुणा नैरोबीत जन्मलेली. वडील तिथे रेल्वेत कारकून होते, पुढे सगळं बिऱ्हाड उचलून स्लाऊला आले. १९८२ साली कमलाकर सासऱ्याच्या घरी उतरला तो दोन बॅगा आणि उजेड मोजायचा एक लाइटमीटर घेऊन. नातेवाईक बायका दारातच म्हणाल्या, "अरुणाने नवरा आणलाय, सोबत घड्याळाएवढं कसलं यंत्र पण आणलंय." घरजावई म्हणून हिणवणारेही होते. त्यावर अरुणाचं उत्तर ठरलेलं: "घरजावई आहे, पण चहा स्वतः करतो. तुमचा करतो का?"

आठवडाभर ट्रेडिंग इस्टेटवरच्या गोदामात खोकी उचलायची आणि शनिवार-रविवारी लग्नं शूट करायची. साउथहॉल, हाऊन्सलो, हेस, जिथे ढोल तिथे कमलाकर. लग्नात त्याला भांगड्याचे बँडवाले भेटले. १९८४ साली त्यातल्याच राज नावाच्या गायकाने विचारलं, "आमच्या गाण्याचा व्हिडिओ करशील? टीव्हीवाले लावतील म्हणतात." पहिलं काम! कमलाकरने भाड्याने सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणला, पुस्तक वाचून वाचून पाठ केलं, मीटर म्हणाला तसं लेन्सचं तोंड उघडलं-मिटलं. राजचं जाकीट पांढरं, चमचम टिकल्यांचं. मागची भिंतही पांढरी.

प्रिंट आली. जाकीट सुंदर होतं. भिंतीवरचा पोपडासुद्धा दिसत होता. फक्त राजचा चेहरा नव्हता. जाकिटाच्या वर एक काळा गोळा आणि त्यात दात.

अरुणा बघत होती. ती म्हणाली, "अहो, हा गातोय की तवा गातोय?"

कमलाकर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लॅब गाठली, तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला पकडलं आणि प्रश्नांनी भंडावून सोडलं. तेव्हा कळलं ते असं. अर्धी चूक त्याची: मीटरने पांढरं जाकीट मोजलं आणि ह्याने मुकाट ऐकलं. पण उरलेली अर्धी चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना असायचा, एका गोऱ्या बाईचा चेहरा. ती बाई बरोबर दिसली की बाकीचं जग बरोबर, असा कायदा. तिकडे मिरजेत बाप माणसाला गोरं करून द्यायचा, इकडे लॅब काळं करून द्यायची. माणूस आहे तसा कुणालाच नको होता.

कमलाकर घरी आला. अरुणा भांडी घासत होती. तिचा ओला हात त्याने धरला, पुसला आणि खिडकीशी नेला. "हं, असाच धर. हलवू नको."

"अहो, दुधाचं पातेलं आहे गॅसवर!"

"उतू जाऊ दे."

त्या दिवसापासून त्याची पद्धत बसली. कुठलंही रीळ चढवलं, की आधी त्या जागेच्या उजेडात अरुणाचा हात, पाच-सहा सेकंद, शेजारी रिळाच्या नंबराची पाटी. लॅबला चिठ्ठी: तुमची गोरी बाई बाजूला ठेवा, हा हात बरोबर आला की थांबा. सुरुवातीला लॅबवाले हसले. मग चिठ्ठी न वाचताच करायला लागले. साउथहॉलच्या बँडवाल्यांमध्ये बोभाटा झाला, की सोनटक्केकडे गेलं की माणूस माणसासारखा दिसतो. अरुणा तेव्हा चॉकलेटच्या फॅक्टरीत शिफ्ट करायची. सुट्टीच्या दिवशी ती शूटिंगला यायची, हात दाखवायची आणि गाडीत जाऊन झोपायची. "लोकांच्या बायका हात दाखवतात तो ज्योतिष्याला," म्हणायची.

ह्या कामावरूनच रेखा विर्दीने त्याला शोधलं. रेखा साउथहॉलची, पंजाबी, तोंडाने फटकळ. लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांवर तिला सिनेमा काढायचा होता. एका टीव्ही कंपनीने थोडे पैसे दिले होते, पण एका अटीवर: कॅमेरामन युनियनचा कार्डवाला पाहिजे. आणि कार्डाचं गणित त्या काळात असं होतं: काम हवं तर कार्ड दाखव, कार्ड हवं तर काम दाखव. बाहेरच्याने कुठूनही सुरुवात केली तरी तो बाहेरच. युनियन ही गरिबाची काठी असते, हे खरं. पण तीच काठी दाराला आतून आडवी लावली, की ती अडसर होते. कार्डवाले एकमेकांचे भाचे नाहीतर पुतणे. त्यात सोनटक्के कुठून येणार?

मग डेरेक पामर आला. डोक्यावर चौकड्याची टोपी, हातात वर्तमानपत्र, खिशात कार्ड. त्याने साफ सांगितलं, "मी खुर्चीवर बसेन. कुणी तपासायला आलं तर उभा राहीन. बाकी पोरा, कॅमेरा तुझा." आणि तो शब्दाला जागला. पाच आठवडे खुर्चीवर बसला. शब्दकोडी सोडवली. दोनदा तपासनीस आले, दोनदा उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. हातमोजे घालून कडाक्याच्या थंडीत रीळ कसं बदलायचं, ते त्यानेच शिकवलं. पण नामावलीत छायाचित्रण डेरेक पामर आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत असिस्टंट कमल. कमलाकरसुद्धा नाही!

पहिला खेळ रविवारी सकाळी अकराला होता. अरुणा दोन महिन्यांच्या ईशिताला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसली. पडद्यावरून नावं सरकून गेली. बाहेर आल्यावर पोरीला झबल्यात गुंडाळत म्हणाली, "हात माझा, डोळा तुमचा, आणि नाव त्या टोपीवाल्याचं. वा!"

पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. कमलाकरही नाही. डेरेकला पत्र टाकावं, फोन करावा, असं कैकदा मनात आलं. पण मागायचं म्हणजे हात पसरायचा, आणि सोनटक्के हात पसरत नाही, असा त्याचा खाक्या.

पुढे काम भरपूर झालं. भांगडा मागे पडला, रॅप आला, मग पोरांचे ते धुरातले, निळ्या दिव्यांचे व्हिडिओ. सव्वातीनशे गाणी, अकरा सिनेमे. त्यांतले सात दुसऱ्या युनिटचे, म्हणजे किरकोळ दृश्यांपुरते, तीन कुणी पाहिले नाहीत असे. कार्ड मिळालं ते अशा वर्षी, की कार्ड कुणी विचारत नव्हतं. डिजिटल आलं तेव्हा अरुणाचा हात बंद झाला, पडद्यावर सगळं तिथल्या तिथे दिसायला लागलं. तरी ती शूटिंगला डबा घेऊन यायची आणि सवयीने लेन्ससमोर हात धरायची. पोरं हसायची. चार वर्षांपूर्वी अरुणा गेली. त्यानंतर कमलाकरने काम घेतलं नाही. कॅमेरे विकले. स्वयंपाकघरात बसून तो उजेडाची वाट पाहायचा, आणि तो उजेडही झाडांनी अडवला.

सोमवारी सकाळी तो ट्रेनने लंडनला गेला. सोहोमध्ये एका इमारतीच्या तळघरात काळ्या भिंतींची खोली. तिथे समर नावाचा एकोणतीस वर्षांचा मुलगा बसला होता. आईबाप पुण्याचे, जन्म क्रॉयडनचा, मराठी आजीकडून ऐकून ऐकून झालेली.

"नमस्कार अंकल. मी पहिला अर्धा तास करून ठेवला. बघा ना. थोडं वॉर्म केलंय. इंडियन स्किन, यू नो, गोल्डन छान दिसतो."

पडद्यावर लाँड्रीतल्या बायका. स्लाऊचा फेब्रुवारी बाहेर, आणि ह्या बायका अशा सोनेरी की संक्रांतीचा गूळ.

"ही माणसं आहेत की जिलब्या?" कमलाकरने विचारलं.

समर हसला, मग हसू आवरलं.

"तुझी आई अशी दिसते?"

"नाही."

"मग ह्या कुणाच्या आया नाहीत का?"

समरने मुकाट्याने रंग खाली आणले. आता बायका राखाडी झाल्या. तो चाळवाचाळव करत राहिला, पुन्हा पिवळं, पुन्हा राखाडी. शेवटी म्हणाला, "अंकल, मला रेफरन्स पाहिजे. फिल्ममध्ये रंग जुळवायचं ग्रे कार्ड पण नाहीये. एका वेगळ्या डब्यात रोल्सच्या स्टार्टचे तुकडे मिळाले, पण तिथे कोणीतरी बाई मध्येच येतो. नुसता हात."

कमलाकर खुर्चीतून पुढे सरकला. त्याला वाटलं होतं ते तुकडे कापले गेले, कचऱ्यात गेले. रेखाने ते जपले होते! फटकळ रेखाने, एकेक तुकडा क्रमाने.

"लाव," तो म्हणाला. "सगळे. एकापुढे एक."

बावन्न तुकडे. बावन्न वेळा तोच हात, बाटलीच्या रंगाच्या हिरव्या काचेच्या बांगड्या, शेजारी पाटी. रीळ एक, रीळ दोन. त्या सिनेमाच्या वेळी अरुणा पोटुशी होती, फॅक्टरीची नोकरी सोडली होती आणि चौदा माणसांच्या युनिटचा स्वयंपाक करत होती. पोळ्या लाटता लाटता तिला हाक मारायची, ती पदराला हात पुसत यायची. कधी मनगटाला पीठ. कधी बोटं थंडीने जांभळट. विसाव्या रिळानंतर बोटं सुजायला लागलेली. चाळिसाव्यात अंगठी नव्हती. रुतायला लागली म्हणून काढून ठेवली होती. एकावन्नाव्यात तिने मध्येच हात मागे घेतला होता आणि पुन्हा धरला होता. कशाने? कमलाकरला आठवलं. पोटात पोरीने लाथ मारली होती.

समरने मागे वळून पाहिलं आणि पाण्याचा ग्लास सरकवला.

"अंकल, हा हात कोणाची आहे?"

"माझ्या बायकोचा." त्याने नाक शिंकरलं. "आता नीट बघ. रीळ सात. अंगठ्याच्या नखाशी हळद आहे, भाजी करून आली होती. ती हळद दिसेपर्यंत पिवळा वाढव. नख केशरी झालं की मागे ये. हं. आता बांगडी. पोपटी नको, बाटली. अजून. थांब! आता हात सोड आणि त्याच आकड्यांवर सातव्या रिळाचा सीन लाव."

समरने लावला. लाँड्रीच्या खिडकीशी, वाफेत उभी असलेली एक बाई. सावळी, दमलेली, गालावर थंडीचा उजेड. समर पुटपुटला, "ओह."

"दिसली का आई?" कमलाकर म्हणाला.

दुपारपर्यंत त्यांनी चार रिळं केली. सँडविच खाताना समरने सहज विचारलं, "पण डेरेक सरांनी तुमच्या बायकोचा हात का घेतला? त्यांची वाइफ नव्हती?"

आणि सदतीस वर्षांनी कमलाकरने एका परक्या पोराला खरं सांगून टाकलं. समरने सँडविच खाली ठेवलं. तिथल्या तिथे फिओनाला फोन लावला.

फिओना चांगली बाई होती, पण तिच्याकडे नियम होता. नामावलीत ज्याचं नाव आहे, त्याने लेखी दिल्याशिवाय नाव बदलता येत नाही. दिग्दर्शिका हयात नाही. म्हणजे डेरेक पामरची सही पाहिजे, आणि ती गुरुवारपर्यंत. शनिवारी दुपारी स्लाऊच्या हॉलमध्ये खेळ आहे. त्यानंतर नामावली कायमची.

"नाही," कमलाकर घरी येऊन मुलीला म्हणाला. "मी त्याच्या दारात जाणार नाही."

ईशिता सदतीस वर्षांची, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, आणि रागाच्या बाबतीत बापाला भारी. "बाबा, तुम्ही झाडांवरून कौन्सिलला अकरा पत्रं लिहिलीत."

"ते वेगळं. उजेड हक्काचा आहे."

"आणि नाव काय उसनं आहे? पोस्टमन विचारत विचारत घरी आणून देणार आहे का?"

"जास्त बोलू नकोस."

"मी सोडते गाडीने. उद्या चारला, शाळा सुटल्यावर."

"येशील तर तोंड उघडायचं नाही."

"बरं."

मेडनहेडमध्ये नदीजवळ छोटं बंगलेवजा घर. दार डेरेकच्या बायकोने, जीनने उघडलं. आत बैठकीच्या भिंतीवर 'फेब्रुवारी लाँड्री'चं पोस्टर, काचेत मढवलेलं. डेरेक खुर्चीत, चाकांच्या. टोपी गेली होती, डोक्यावरचे केसही.

"कॅम!" तो ओरडला. त्या काळी तो कमलाकरला कॅम म्हणायचा. "बस, बस. शनिवारी भेटणारच होतो की! नातू येतोय लीड्सहून. त्याला दाखवायचाय आपला सिनेमा. ती खिडकी, वाफ, ती बाई. चार तास थांबलो होतो मी त्या उजेडासाठी. आठवतं?"

जीनने दिलेला चहाचा कप कमलाकरने टेबलावर ठेवला. "तू थांबला नव्हतास, डेरेक. तू व्हॅनमध्ये झोपला होतास."

जीनने नवऱ्याकडे पाहिलं.

"छे! कॅमेरा तू चालवलास, मान्य. पण उजेड माझा होता. मी सांगत होतो, तू करत होतास."

तो खोटं बोलत नव्हता. तीच तर आपत्ती होती. सदतीस वर्षं पोस्टरखाली बसून बसून त्याला ते सगळं खरंच आठवायला लागलं होतं. खोटारड्याशी भांडता येतं. विश्वास बसलेल्याशी कसं भांडणार? कमलाकर उठला. गुडघा कचकन वाजला. "चल ईशिता. म्हटलं होतं मी."

ईशिता उठली नाही. शब्द दिला होता, तो तिने मोडला. फोन काढला, समरने पाठवलेली फीत लावली आणि डेरेकच्या मांडीवर ठेवली.

"हा माझ्या आईचा हात आहे, मिस्टर पामर. प्रत्येक रिळाच्या आधी. तो हात तुम्ही धरायला सांगायचात का?"

डेरेक बघत राहिला. बावन्न हात संपायला पाच मिनिटं लागतात. जीनही त्याच्या खांद्यावरून बघत होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टींटीं ऐकू येत होतं. तिसाव्या की एकतिसाव्या हाताशी डेरेकचा चेहरा हलला.

"बांगड्या वाजायच्या," तो हळूच म्हणाला. "साउंडवाला शिव्या द्यायचा." मग आणखी थोड्या वेळाने, "तुझी बायको मला लसणाची लाल चटणी वेगळी काढून ठेवायची. वाटीत. वर बशी झाकून. कुठे आहे ती?"

"गेली. चार वर्षं झाली."

डेरेकने फोन उलटा ठेवला. "तू कधी विचारलं नाहीस, कॅम."

"माझ्याच घराची किल्ली मी तुझ्याकडे मागायची?"

"किल्ली माझ्या खिशात होती ना. मागितली असतीस तर..." तो थांबला. "नसती दिली. तेव्हा नसती दिली. त्या एका सिनेमावर मला पुढची दहा वर्षं काम मिळालं."

"माहितीये."

"माहीत होतं आणि गप्प बसलास?"

"माझी बायको म्हणायची, तुम्हाला अंग मोडून काम करता येतं, तोंड उघडून हक्क मागता येत नाही." कमलाकर पुन्हा बसला. हे वाक्य त्याने आयुष्यात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. मग त्याने खिशातून कागद काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि म्हणाला, "आज मागतो. सही कर. सिनेमा माझा आहे."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. हात पसरल्यासारखंही वाटलं नाही.

डेरेकने पेन घेतलं. जीनने कागद धरला. सही झाली. पण पेन त्याने सोडलं नाही. "मग मी कोण? नातवाला काय सांगू? नावच नसणार?"

सदतीस वर्षं कमलाकरने ह्याचं उत्तर घोळवलं होतं. आंघोळ करताना, गाडी चालवताना, कितीदा. आता ते जिभेवर आलं. "कॅमेरा असिस्टंट लिहू?"

डेरेकने मान खाली घातली. "लिही. फिटलं."

आणि ते उत्तर कमलाकरला वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही. तोंडात धरून त्याने पाहिलं आणि थुंकून टाकलं. "नाही. असिस्टंट काम करतो, डेरेक. राबतो. ते नाव मी तुला कसं देऊ?"

जीन खुदकन हसली. ईशिताने तोंडावर हात धरला.

"तू काय दिलंस? कार्ड दिलंस. ते नसतं तर सिनेमाच नसता. तेच लिहू." कमलाकरने कागदावर खाली एक ओळ लिहिली आणि डेरेकपुढे धरली. डेरेकने डोळे बारीक करून वाचली: युनियन कार्ड, डेरेक पामर.

आधी त्याने ती पुन्हा एकदा वाचली. मग हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. जीनने पाठ चोळली. "चाळीस वर्षं होत आली मी ह्या पोस्टरची धूळ पुसतेय," ती म्हणाली, "आणि मला म्हणे, चार तास उभा होतो!"

शनिवारी हॉल भरला. त्या सिनेमात काम केलेल्या दोन म्हाताऱ्या बायका आल्या होत्या, बँडवाला राज आला होता, समर आजीला घेऊन क्रॉयडनहून आला होता. पडद्यावर स्लाऊचा फेब्रुवारी उलगडला, थंड, ओला, खरा. बायका बायकांसारख्या दिसत होत्या. खिडकीच्या सीनला मागून कुणीतरी पंजाबीत म्हणालं, "ही तर आमची बिबी!" म्हणजे आई.

आणि शेवटी तेच झालं जे प्रत्येक हॉलमध्ये होतं. गाणं संपलं, नावं सुरू झाली आणि लोक उठले. कोट चढवायला लागले. कुणाचं पार्किंग साडेपाचला संपत होतं. पडद्यापुढे नुसत्या पाठी आणि बाह्या. कमलाकर खुर्चीतून मान वर करून बघत होता, डावीकडून, उजवीकडून. त्याला काही दिसेना. उठून ओरडायचं म्हणून त्याने खुर्चीचे हात धरले.

"बसा खाली!"

शेवटच्या रांगेतून, चाकांच्या खुर्चीतून डेरेक पामर गरजला. शूटिंगवर तपासनीस आले की काढायचा तो आवाज. "एक माणूस हलायचा नाही! बसा म्हणतो!"

इंग्लंडात रांगेला आणि दरडावणीला माणूस लगेच मानतो. हॉल बसला. अर्धे लोक एका बाहीतच.

छायाचित्रण: कमलाकर सोनटक्के.

पडद्यावर ते चार सेकंद होतं. राजने शिट्टी मारली. ईशिताने बापाचा हात धरला, तो त्याने घट्ट दाबला आणि तोपर्यंत पुढची ओळ आली, युनियन कार्डाची, आणि सगळा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने डेरेक. शेजारचा त्याचा नातू काही विचारत होता आणि डेरेक हातवारे करून त्याला सांगत होता.

दिवे लागले. समर पुढून वाट काढत आला. "अंकल? कसं वाटलं?"

कमलाकरने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"छान. पण तिसऱ्या रिळात आभाळ जरा निळं ठेवलंयस," तो म्हणाला. "स्लाऊ आहे ते. सोमवारी येतो, नीट करू."